नागपूरचे ऊन आणि रिकामी गच्ची

नागपूरकराला आपल्या उन्हाचा भारी अभिमान! मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की पुण्याच्या पाहुण्याला तो अशा थाटात सांगतो, जणू ते ऊन त्याने स्वतः पिकवले आहे. पण या पिकाचे आपण करतो काय? कुरडया वाळवतो, बस्स! ऊन स्लॅब तापवते, स्लॅबखाली आपण कूलर लावतो आणि कूलरसाठी तिकडे कोराडीला कोळसा जळतो.

अहो, १०० चौरस फुटांत १ किलोवॅटची पॅनेले बसतात, दिवसाला चारेक युनिट वीज देतात, शिवाय स्लॅबला सावली. २०२४ साली सरकारने ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांचे अनुदानही जाहीर केले. तरी म्हणे, "गच्ची वाईट दिसेल हो!" सध्या फुटका माठ, गंजका कूलर आणि तीनपायी खुर्ची यांनी ती मोठी शोभून दिसते वाटते? फ्लॅटवाल्यांची तऱ्हा आणखी न्यारी. गच्ची सर्वांची, म्हणून कोणाचीच नाही!

बिनपगारी गडी रोज दारात हजर असताना त्याला काम न देता नुसत्या शिव्या देणारे मालक आमच्या नागपुरातच सापडायचे!