कांपालचे गोमिश आणि नगर हवेलीचा खासदार

पणजीत मांडवीच्या काठाने कांपालला गेले, की जुन्या झाडांच्या बागेत फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांचा पुतळा दिसतो. बागही त्यांच्याच नावाची. खानवेल-सिल्वासाहून गोव्याला जाणाऱ्यांना किनाऱ्यांची ओढ असते, कांपालला फारसे कोणी उतरत नाही. नगर हवेलीच्या माणसाने तरी इथे थांबायलाच हवे.

गोमिश १८२९ साली सासष्टीतल्या नावेलीत जन्मले. पेशाने डॉक्टर, पण अर्थशास्त्र, इतिहास, कादंबरी या सगळ्यांत त्यांची लेखणी चालली. गोव्याचे प्रतिनिधी म्हणून ते लिस्बनच्या संसदेत गेले, तेव्हा वसाहतींना इथे प्रतिनिधी हवेतच कशाला, असा सूर तिथे निघत होता. १८६१च्या जानेवारीत आपल्या पहिल्याच भाषणात या गोमंतकीय डॉक्टरने त्याला सडेतोड उत्तर दिले. समुद्रापलीकडे राहतो म्हणून कोणाचा हक्क कमी होत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच महिन्यात लामार्तीन या फ्रेंच कवीला पत्र लिहून त्यांनी भारतासाठी स्वातंत्र्य मागितले. १८५७च्या उठावाला दहा वर्षेही झाली नव्हती, तोच १८६६ साली ‘उश ब्राह्मनिश’ या पोर्तुगीज कादंबरीतून त्यांनी जातिभेद आणि इंग्रजी सत्ता या दोहोंवर कोरडे ओढले. १८६९ साली क्षयाने खंगलेले गोमिश गोव्याकडे निघाले आणि वाटेत जहाजावरच गेले. वय अवघे चाळीस.

त्यांच्या मर्यादाही सांगायलाच हव्यात. पोर्तुगालपासून फुटून निघा, असे ते म्हणाले नाहीत. पोर्तुगीज नागरिकाचे पुरते हक्क मात्र मागत राहिले. आणि तेव्हाचा मतदार म्हणजे बेताच्या संख्येतला मिळकतदार माणूस. दमण जिल्ह्यात मोडणाऱ्या नगर हवेलीतल्या वारली, कोकणा, धोडिया पाड्यांचे म्हणणे लिस्बनला मांडणारे कोणीच नव्हते.

पुढे तेवढाही हक्क पातळ झाला. पोर्तुगालच्या सालाझारने १९३०च्या वसाहत कायद्याने गोवा-दमणच्या लोकांना दुय्यम ठरवले. त्याच वर्षी गोमंतकीय नेते लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी पणजीच्या शासकीय मंडळात स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला, तो या अपमानापोटीच.

१९५४च्या २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीजांपासून मुक्त झाले. त्यांचा कॅप्टन फिदाल्गो आपले शिपाई घेऊन खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला शरण आला. गोव्याची पाळी १९६१मध्ये आली. मग पणजीच्या आझाद मैदानावरच्या मंडपातून गोवा जिंकणारा पोर्तुगीज आल्बुकेर्क हलला. त्याचा ब्राँझ पुतळा आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. कामोंइश या कवीचा ब्राँझ पुतळाही पुढे तिथेच गेला. गोमिश मात्र आपल्या जागी राहिले. हा मान त्यांनी कमावलेला आहे, कारण ते राज्यकर्त्यांच्या सभागृहात इथल्या माणसाच्या बाजूने बोलले होते.

आज दादरा आणि नगर हवेलीला विधानसभा नाही. २६ जानेवारी २०२०ला दमण-दीवशी जोडून एकच केंद्रशासित प्रदेश झाला, तेव्हाही ती मिळाली नाही. खानवेलच्या रस्त्याचे, जमिनीचे, रुग्णालयाचे म्हणणे दिल्लीत मांडायला लोकसभेतली एकच जागा आहे. दूरच्या सभागृहात एकट्या प्रतिनिधीने कसे बोलावे, हे कळायला गोमिश यांचे ते पहिले भाषण सोप्या मराठीत यायला हवे. खानवेल-सिल्वासाच्या मराठी शाळांत नववी-दहावीच्या मुलांपुढे ते ठेवता येईल, आणि निवडणुकीच्या वर्षी उमेदवारांच्या हातीही देता येईल.