झाडाचे वजन येते कोठून?

शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण विचारले, तर बहुधा तो ते बिनचूक लिहून दाखवील. त्यालाच अंगणातील आंब्याच्या झाडाचे शेकडो किलो वजन कोठून आले, असे विचारून पाहावे. उत्तर येईल, ‘मातीतून.’ ज्या समीकरणाला पुरे गुण मिळाले, त्याच समीकरणात या उत्तराचे खंडन आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही. समीकरण रसायनशास्त्राच्या वहीत आणि झाड जीवशास्त्राच्या वहीत, अशी वाटणी झाल्यावर दुसरे काय होणार?

मातीचे उत्तर मूर्खपणाचे मात्र नव्हे. खत घातले की पीक जोमाने येते, हे शेतकऱ्याच्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेले असते. युरोपातील विद्वानही शतकानुशतके असेच मानीत. ब्रसेल्सचा वैद्य व्हान हेल्मॉन्ट याने हा समज तराजूत घातला. कुंडीत २०० पौंड वाळविलेली माती, तीत ५ पौंडांचे विलोचे रोप आणि पाच वर्षे केवळ पाणी. अखेरीस झाड भरले १६९ पौंडांहून थोडे अधिक. माती पुन्हा वाळवून तोलली, तर घट जेमतेम २ औंसांची. हे सारे वजन पाण्याचेच, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. गंमत अशी की, ‘गॅस’ हा शब्द जगाला देणारा गृहस्थ हाच. कोळसा जळताना निघणारा वायूही त्याला परिचित होता. तरी जमेच्या बाजूस हवेचे खाते उघडावे, हे त्याला सुचले नाही.

ते खाते पुढे प्रीस्टली, इंगेनहाउझ आणि १८०४ साली द सोस्यूर यांनी उघडले. आज शाळकरी मुलगाही त्याचा ताळा करू शकेल. कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४, पाण्याचा १८. दोहोंचे सहा-सहा रेणू घेतले की २६४ आणि १०८, एकूण ३७२. त्यांतून निघते ग्लुकोज १८० आणि ऑक्सिजन १९२. बेरीज पुन्हा ३७२. कारकुनाच्या कीर्दीतही याहून चोख मेळ बसत नाही. (हिंदी पुस्तके चाळणाऱ्यांनी येथे जपावे. मराठीतील रेणूला हिंदीत अणु म्हणतात आणि आपल्या अणूला परमाणु. या घोटाळ्यात किती गुण बुडाले असतील कोण जाणे!)

ग्लुकोजपासूनच पुढे लाकडातील सेल्युलोज घडते. हवेत दहा हजार भागांत जेमतेम चार भाग असलेला वायू आणि मुळांनी ओढलेले पाणी, एवढ्याच भांडवलावर खोड उभे राहते. मातीतून जातात ती नत्र, स्फुरद, पालाश यांसारखी द्रव्ये. त्यांचा वाटा स्वयंपाकातील मिठाएवढा, पण त्यावाचून चालतही नाही. खताच्या अनुभवाचे मर्म हेच.

हा हिशेब एकदा मनात बसला की जीवशास्त्रातील पुढील प्रकरणे परकी वाटत नाहीत. श्वसन म्हणजे त्याच व्यवहाराची उलट नोंद. ग्लुकोज खर्ची पडते, ऊर्जा हाती येते आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी परत जाते. वनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात व रात्री श्वसन करतात, हे मार्गदर्शकांतील वाक्य म्हणूनच दिशाभूल करणारे आहे. श्वसन रात्रंदिवस चालूच असते; दिवसा प्रकाशसंश्लेषणाची जमा मोठी असल्यामुळे ते झाकले जाते, एवढेच.

प्रयोगशाळा नाही, ही सबब येथे टिकणारी नाही. विद्यार्थ्यांनी मटकीचे दोन सारखे वाटे घ्यावेत. एक तसाच ठेवावा, दुसरा भिजवून अंधाऱ्या कपाटात चार-पाच दिवस मोड येऊ द्यावेत. मोडांनी वाटी फुगलेली दिसेल आणि धान्य वाढले असेच वर्ग एकमुखाने म्हणेल. मग दोन्ही वाटे मंद आचेवर, करपू न देता, वजन स्थिर होईपर्यंत वाळवावेत आणि सोनाराकडे असतो तशा बारीक काट्यावर तोलावेत. मोडांचा वाटा हलका भरेल. ती तूट गेली कोठे, हे शिक्षकांनी लगेच सांगू नये. वर्गाला एक दिवस वाद घालू द्यावा.