सोय कुणाची?

ड्यूक कर्जात बुडालेला. पोरगी श्रीमंत व्यापाऱ्याची. त्याला पैसा हवा, तिच्या बापाला खानदानी जावई हवा. लग्न ठरतं. प्रेमाबिमाचा संबंध नाही. मग मेणबत्ती विझते, कॉर्सेटच्या नाड्या सुटतात आणि पुढं पानंच्या पानं नुसता घाम. शेवटी दोघांना कळतं, अरे, हे तर खरं प्रेम! पुस्तक मिटा. झोपा.

इंग्लंडच्या रीजन्सी काळावरच्या, म्हणजे १८११ ते १८२० वरच्या, या गरमागरम कादंबऱ्या आपली पोरंपोरी आता मोबाईलवर वाचतात. वाचा की! शरीराची भूक ही शरमेची गोष्ट नव्हे. सदाशिवपेठी सोवळ्याच्या रांगेत आम्ही उभे राहणार नाही. आमचा सवाल वेगळाय. याला सोयीचं लग्न म्हणता, तर सोय कुणाची?

त्या काळचा इंग्रजी कायदा बघा. लग्न झालं की बाई कायद्यापुरती नवऱ्यात विरघळली. तिचा पैसा त्याचा, कमाई त्याची, पोरं त्याची. श्रीमंत बाप वकील लावून पोरीपुरतं थोडंफार राखून ठेवायचे. मोलकरणीच्या पोरीला कुठला वकील? बायकोची मालमत्ता बायकोची, एवढं मान्य व्हायला १८८२ साल उजाडलं. आणि ज्या पलंगावर एवढी पानं खर्ची पडतात, तिथं बायकोच्या 'नाही'ला कायद्यात किंमत शून्य. नवऱ्यानं केलेला बलात्कार हाही बलात्कारच, हे इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायपीठानं मान्य केलं १९९१ साली! कादंबरीतला ड्यूक म्हणतो, 'तुझी मर्जी असेल तरच.' वाचणारी पाघळते. अगं, तुझाच हक्क तो तुला भीक म्हणून घालतोय!

जॉर्जेट हेयरच्या १९६१ च्या 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट'मध्ये शेजेवरचा घाम नाही. तिथं सौदा उघडा आहे : कर्जबाजारी सरदार, पैसेवाल्याची मुलगी, आणि सरदाराचं मन दुसरीकडे. पुढं आलेल्यांनी त्याच सौद्यावर वाफ सोडली. वाफेत कागद वाचता येत नाही.

आणि त्या वर्गाकडे पैसा कुठून आला? त्यांच्या चहातल्या साखरेत वेस्ट इंडीजच्या गुलामांचं रक्त होतं. १८३३ च्या कायद्यानं गुलामी मोडली, तेव्हा दोन कोटी पौंड मंजूर झाले ते मालकांना. गुलामांना छदाम नाही. १८१९ साली मँचेस्टरला मताचा हक्क मागणाऱ्या गर्दीवर घोडेस्वारांनी तलवारी चालवल्या. कादंबरीत नाच चालूच. ड्यूकच्या चादरी धुणारीला तर नावही नाही.

आता इकडं या. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच मांडलं. ड्यूक निदान पैशासाठी तरी खालच्या थरातली पोरगी घरात घेतो. इथं पोरगा शिकलेला असो, कमावता असो, जात आडवी आली की कोयते निघतात. जाहिरातीत 'अनुरूप स्थळ' छापतात, ती याच सोयीची सोयरीक. आणि २०२३ च्या न्याय संहितेनंही अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती बलात्कारातून वगळलीच आहे. म्हणजे ड्यूक मेला, त्याचा कायदा आपल्या माजघरात जिवंत आहे.

पोरींनो, ड्यूकची वाट बघू नका. मर्जी मागून मिळत नसते. ती कायद्यात लिहून घ्यावी लागते, आणि जातीच्या उंबऱ्यावर लाथ मारून वापरावी लागते.