'हाय नून' आणि कुदळवाडीचे शेजारी

'वेस्टर्न सिनेमा म्हणजे घोडे आणि गोळीबार, त्यात आपण काय पाहायचं?' असं विचारणाऱ्यांनी फ्रेड झिनेमान यांचा 'हाय नून' (१९५२) एकदा पाहावाच. तुरुंगातून सुटलेला गुंड सूड घ्यायला गावात येतोय. मार्शल केन मदत मागायला चर्चमध्ये जातो. चर्च भरलेलं आहे. नगराध्यक्ष केनची तोंडभरून स्तुती करतो आणि मग सुनावतो, की बाहेरचे लोक इथे दुकानं-कारखाने काढायला पैसा लावायच्या विचारात आहेत; गोळीबार झाला तर ते फिरकणार नाहीत, तेव्हा तू निघून जा. गाव गप्प बसतं.

हाच युक्तिवाद पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात मी नेहमी ऐकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतली हजारो बांधकामं अनधिकृत ठरवून पाडली. भंगाराची गोदामं गेली, छोटे कारखाने गेले. त्यांत मुसलमान पुष्कळ होते. शेजारी म्हणाले, 'विकासासाठी हे व्हायचंच.'

पण बोट फक्त त्यांच्याकडे नको. इतरांच्या झोपड्या पडल्या तेव्हा जुम्म्याला भरलेल्या आपल्या मशिदींतून किती जण उठले? केनला एकटं सोडणाऱ्या त्या गावात आपणही राहतो.