सैल दंड : प्रश्न सौंदर्याचा की बळाचा?

दंड सैल पडले, पोलक्याची बाही शोभत नाही, अशी तक्रार चाळिशीच्या भगिनी संकोचाने करतात. ती हसण्यावारी नेणे वैद्यकास शोभणारे नव्हे.

केवळ दंडाच्या व्यायामाने केवळ दंडाची चरबी झडत नाही, हे प्रथम स्पष्ट सांगावे. चरबी उतरते ती सर्वांगाची. त्यासाठी मिताहार आणि नियमित चालणे हवे. परंतु दंडामागील ट्रायसेप्स स्नायू बळकट करणे घरीच शक्य आहे. तिशीनंतर स्नायू हळूहळू क्षीण होतात. आज सैल दिसणारा दंड उद्या खुर्चीतून रेटा देऊन उठतानाही दगा देतो. शिवाय रक्तातील साखर वापरणारे मोठे इंद्रिय म्हणजे स्नायूच!

भिंतीला तळहात टेकून जोर काढावेत. एक लिटर पाण्याची बाटली दोन्ही हातांनी डोक्यामागून वर न्यावी. प्रत्येकी दहा वेळा, दोन आवर्तने पुरेत. श्वास रोखू नये. खांदा आखडला असल्यास आधी तपासून घ्यावे. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायुबळाचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे.

प्रा. माणिकराव आणि जुम्मादादा व्यायाममंदिर यांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या बडोद्यात जोर-बैठका पुरुषांच्या आणि स्त्रियांना मात्र ‘फिरायला जा’ एवढाच सल्ला, ही विभागणी आता पुरे. औषधांच्या चिठ्ठीवर ‘भिंतीचे जोर’ही लिहिले जावेत, असे आम्हांस आग्रहाने वाटते.