अभिमानाकडून आचरणाकडे

घरातील कर्ता माणूस ऐन उमेदीत हृदयविकाराच्या झटक्याने जातो, तेव्हा त्याच्यामागे एक संसार उघडा पडतो. मुलांचे शिक्षण अडते, घराचे हप्ते थकतात, वृद्ध आईवडिलांचा आधार तुटतो. नियतीचा घाला म्हणून समाज शोकसभा घेतो आणि पुढे चालू लागतो. परंतु ज्याला नियती म्हटले जाते, त्यातील बराचसा भाग दिनचर्येचा असतो, हे विज्ञानाने आता निःसंदिग्धपणे दाखवून दिले आहे.

'इंटरहार्ट' या ५२ देशांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, पोटाचा घेर, मनावरील ताण, व्यायाम आणि फळे-भाज्यांचा अभाव अशा नऊ घटकांशी पहिल्या झटक्याचा नव्वद टक्के धोका निगडित असल्याचे त्यात आढळले. याच अभ्यासाच्या २००७ मधील विश्लेषणात दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ वर्षे निघाले. इतर देशांत ते ५९ होते. ही सहा वर्षे म्हणजे कन्येचा विवाह, पुत्राची पहिली नोकरी आणि राष्ट्रकार्याला देता येणारा परिपक्व काळ होय.

असे का व्हावे, याचा एक धागा पुण्यातच गवसला. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, भारतीय नवजात बालक वजनाने कमी असले तरी त्याच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी नसते. बारीक दिसणारा भारतीय देह आतून मेदस्वी असू शकतो. 'आपण कुठे लठ्ठ आहोत?' या समजुतीत निर्धास्त राहणाऱ्या मध्यमवर्गाने हे ध्यानात घ्यावे. या प्रश्नाचे मूळ मातेच्या पोषणापर्यंत जाते. म्हणूनच घरातील गृहिणीने सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवावे ही रीत त्याग म्हणून गौरवण्याजोगी नाही. ती पुढच्या पिढीच्या मुळावर येते.

यावर आपल्याकडे योग आहे, असे उत्तर तत्काळ दिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योगदिन म्हणून स्वीकारला आणि २०१५ पासून तो जगभर साजरा होऊ लागला, याचा अभिमान प्रत्येक भारतीयाला वाटतो. तथापि, अभिमानाने धमन्या स्वच्छ होत नाहीत. झटका येऊन गेलेल्या सुमारे चार हजार भारतीय रुग्णांवर २४ रुग्णालयांत योगाधारित पुनर्वसनाचा प्रयोग झाला आणि २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. योग करणाऱ्यांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटू लागली, पूर्वीच्या कामांकडे ते अधिक चांगल्या रीतीने परतले. मात्र पुन्हा झटका वा मृत्यू टळण्याच्या बाबतीत निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. यात योगाचा अवमान नाही. योग करावा, पण त्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पारखून घेण्याची ही वृत्ती परकी नव्हे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली, ती योगक्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहण्यासाठीच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे महत्त्व सांगत, तेव्हा स्वतः रोज ते घालत. एकाने परीक्षणाचा आणि दुसऱ्याने आचरणाचा वस्तुपाठ दिला. आज जयघोष उदंड आहे. तुटवडा या दोहोंचा आहे.

कार्यकर्त्यांनी तर अधिक अंतर्मुख व्हायला हवे. सततचा प्रवास, अवेळी भोजन, जागरण, घरोघरी आग्रहाचा गोड चहा आणि बैठकीतील फरसाण हा आता कार्याचाच भाग मानला जातो. स्वतःच्या प्रकृतीची हेळसांड म्हणजे समर्पण, असाही एक समज रूढ आहे. वर्षानुवर्षांच्या संस्कारांतून घडलेला कार्यकर्ता पन्नाशीत अंथरुणाला खिळणे ही संघटनेची हानी आहे. आतिथ्याच्या रीतीत ताक, फुटाणे, फळे यांना मानाचे स्थान मिळाले तर संस्कृती उणावणार नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सुचवते. लोणचे-पापडाने सजलेल्या ताटाने त्याचा हिशेब ठेवला पाहिजे. तंबाखूची डबी खिशात बाळगून व्यसनमुक्तीवर बोलणे तर कोणालाच शोभत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशातील ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. हा विकार बहुधा मूक असतो. मोजल्यावाचून कळत नाही. रथसप्तमीला गावोगावी सामूहिक सूर्यनमस्कार होतात. त्याच मैदानाच्या कडेला रक्तदाब मोजण्याची व्यवस्था असावी, तेथे घरातील महिलांनाही आवर्जून आणावे आणि ज्यांचा दाब वाढलेला आढळेल त्यांना वैद्यकीय उपचारांपर्यंत पोहोचवावे. वस्तीत संपर्क असलेल्या संघटनेला हे कार्य अवघड नाही. बलशाली राष्ट्राचा संकल्प करणाऱ्यांनी त्या राष्ट्राच्या हृदयाची काळजी घरच्या ताटापासून घ्यायला आरंभ करावा.