आधी खिडकी लावा, मग ॲम्प घ्या!

मुंबई-ठाण्यात ऑनलाइन काहीही मागवा, पार्सलच्या ट्रॅकिंगवर 'भिवंडी' हे नाव बरेचदा दिसतंच. कशेळी, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यातली गोदामं म्हणजे अर्ध्या महानगराचं कपाट. तिथे राहणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरींना ट्रकच्या हॉर्नची सवय झालेली असते. दिवसभर हा आवाज ऐकल्यावर रात्री दोन तास तरी नीट गाणं ऐकावं असं वाटणं साहजिक आहे. मग पैसे साठवून कुणी तरी स्टुडिओवाले हेडफोन घेतो, २५० किंवा ३०० ओहमचे. मोबाइलला लावतो. आवाज थोडा कमी वाटतो. लगेच सल्ला येतो, "अरे, ३०० ओहम मोबाइलवर वाजणारच नाही. चांगला ॲम्प घे."

आमचं म्हणणं एवढंच आहे, की हा सल्ला ऐकून पाकिटात हात घालण्याआधी अकरावीच्या फिजिक्सचं पुस्तक उघडा. बहुतेकांचे निम्मे पैसे तिथेच वाचतील.

आधी हे जास्त ओहमचे हेडफोन असतात कशाला, ते बघू. ही काही नवी फॅशन नाही. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, त्या जमान्यात क्रिस्टल सेटवर रेडिओ ऐकायची पद्धत होती. त्या सेटला ना बॅटरी, ना वीज. एरियलमधून येईल तेवढ्या क्षीण सिग्नलवर सगळा कारभार. म्हणून त्याला दोन-दोन हजार ओहमचे हेडफोन लागत. त्यातल्या बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांमुळे नगण्य करंटवरही आवाज निघायचा. पुढे स्टुडिओत एकाच ॲम्पवर चार-पाच जणांचे हेडफोन लावायची गरज पडली, तिथेही जास्त ओहम सोयीचे ठरले. म्हणजे जास्त ओहम म्हणजे 'भारी' असं काही नाही. ती एका विशिष्ट कामासाठी केलेली सोय आहे.

आता मुद्द्याचं. जास्त ओहमच्या हेडफोनला करंट कमी लागतो, व्होल्टेज जास्त लागतं. पण किती जास्त, हे ओहमच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी डब्यावरचा दुसरा आकडा बघावा लागतो, तो म्हणजे सेन्सिटिव्हिटी. दुकानदार याबद्दल क्वचितच बोलतो.

उदाहरण घेऊ. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो २५० ओहमचा आहे आणि एक मिलिवॅटला ९६ डेसिबल आवाज देतो. पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम. एक व्होल्ट दिला तर १ भागिले २५०, म्हणजे ४ मिलिवॅट. पॉवर दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात. चौपट झाली म्हणून ६ वाढले. झाले १०२ डेसिबल! आणि एक व्होल्ट देणारं डोंगल काही दुर्मीळ चीज नाही. मोबाइलने अर्धाच व्होल्ट दिला तरी ९६ डेसिबल मिळतात.

आता गरज किती ते पाहू. सुखाने ऐकायची पातळी सरासरी ७०-८० डेसिबल असते. पण विलंबित ख्यालाची आलापी आणि त्यानंतरची तान यांत बराच फरक असतो, जुन्या नाट्यसंगीताची रेकॉर्डिंग्ज मुळातच हळू असतात. म्हणून वरच्या टोकासाठी जागा ठेवायची. अगदी सढळ हाताने ११० डेसिबल धरले तरी या हेडफोनला लागतात २५ मिलिवॅट, म्हणजे अडीच व्होल्ट. बस्स. वॅटमध्ये आकडे मिरवणाऱ्या ॲम्पची इथे गरजच काय?

सेनहायजरच्या एचडी ६५० चं बघा. हा ३०० ओहमचा, पण कंपनी त्याचा आकडा १०३ डेसिबल असा देते आणि तो एक मिलिवॅटला नाही, एक व्होल्टला. मिलिवॅटमध्ये तोच साधारण ९८ होतो. इथेच अनेक जण फसतात. तुलना करताना दोन्ही आकड्यांचं एकक एकच आहे ना, हे तपासा. नाहीतर किलोच्या भावाची डझनाच्या भावाशी तुलना केल्यासारखं होईल. याला ११० डेसिबलसाठी सव्वादोन व्होल्ट पुरतात.

उलटं उदाहरणही आहे. हायफायमॅनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा. 'सोपा' वाटतो ना? पण त्याची सेन्सिटिव्हिटी ८३.५ डेसिबल. त्याच ११० साठी त्याला साडेचारशे मिलिवॅटच्या आसपास पॉवर लागते. ३०० ओहमवाला गरीब गाय आणि ५० ओहमवाला खादाड, असा हा प्रकार. तेव्हा नुसता ओहम बघून ॲम्प निवडणं म्हणजे गाडीचा रंग बघून मायलेज ठरवणं.

हे आमच्या शब्दावर मानू नका, मोजून बघा. फोन किंवा डोंगलवर ६० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन लावा, आवाज फुल करा. हेडफोन काढून ठेवा, त्याच्या जागी ३३० ओहमचा रेझिस्टर जोडा आणि कॉलेजच्या लॅबमधल्या मल्टिमीटरवर एसी व्होल्टेज वाचा. पाच मिनिटांचं काम आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांना विचारलंत तर ते खूशच होतील.

आकडा एक व्होल्टच्या वर आला, तर बहुतेकांना ॲम्पची गरज नाही. अर्ध्या व्होल्टपाशी अडकला आणि शास्त्रीय किंवा जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकायची असतील, तर पहिली पायरी म्हणून दोन व्होल्ट देणारं डोंगल बघा. सीएस४३१३१ चिपवर चालणारी अशी डोंगल मिळतात. तेवढ्याने नाहीच भागलं, तर टेबलावरचा ॲम्प. 'आउटपुट इम्पीडन्स'वरून कुणी घाबरवलं तर शांत राहा. तो हेडफोनच्या ओहमच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा, असा ठोकताळा आहे. २५० ओहमला म्हणजे तीसपर्यंत चालतो. ही काळजी १६-३२ ओहमवाल्यांनी करायची.

सेकंड हँड घेत असाल तर तीन गोष्टी बघा. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का? अगदी हळू आवाजात दोन्ही कानांना सारखं ऐकू येतं का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ॲडॉप्टर. अमेरिकेहून आलेल्या ॲम्पचा ॲडॉप्टर १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातलात की खेळ खल्लास. काही ॲम्पना डीसी नाही, एसी ॲडॉप्टर लागतो, तेही वाचून घ्या.

हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर आणखी मजा. चू मॉय यांचं 'सीमॉय' नावाचं डिझाइन जगभरच्या पोरांनी पेपरमिंटच्या डबीत बसवलंय. एक ऑपॲम्प, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर एक चक्कर मारली की सामान गोळा. फक्त हेडफोन लावण्याआधी आउटपुटला डीसी व्होल्टेज मोजा. ते काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त असेल तर काही तरी चुकलंय. आधी दुरुस्त करा.

इथवर पैशाचा हिशेब झाला. पण आम्हाला खरी काळजी दुसऱ्या हिशेबाची आहे.

डीटी ९९० काय, एचडी ६५० काय, हे ओपन-बॅक हेडफोन आहेत. त्यांची पाठ जाळीची असते. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं. शांत स्टुडिओत ते स्वर्ग दाखवतात. पण कशेळीत रस्त्याकडेच्या खोलीत ट्रक, हॉर्न, बांधकाम, आणि भिवंडीच्या आतल्या वस्तीत गेलात तर शेजारच्या यंत्रमागांची खटखट. हे सगळं जाळीतून थेट कानात. मग आपण काय करतो? आवाज वाढवतो. 'हेडफोनला पॉवर कमी पडतेय' असं वाटतं, तेव्हा पुष्कळदा पॉवर कमी नसते, खोलीतला गोंगाट जास्त असतो. त्यावर ॲम्प घेणं म्हणजे गोंगाटाशी कानाची कुस्ती लावून देणं.

ही कुस्ती कान हरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ठीक. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला उरतात फक्त ४ तास, तेही अख्ख्या आठवड्यात. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबल ही आठ तासांच्या पाळीची मर्यादा आहे. यंत्रमागावर आयुष्य काढलेले किती तरी काका मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नाही म्हणतात. त्यांनी तो गोंगाट पोटासाठी सोसला. आपण तो पैसे मोजून विकत घ्यायचा का?

म्हणून आमचा क्रम असा. गोंगाटातच ऐकायचं असेल तर ओपन-बॅकचा नाद सोडा, बंद पाठीचा कमी ओहमचा हेडफोन घ्या. ॲम्पचा प्रश्नच मिटतो. ओपन-बॅक आधीच घेतला असेल तर रात्री उशिरा, खिडकी लावून, पडदा ओढून ऐका. त्यानंतर व्होल्टेज मोजा. आणि त्यानंतरही कमी पडलं, तर खुशाल ॲम्प घ्या. घेतलात की गेन 'लो' वर ठेवा, म्हणजे चुकून हात लागला तरी कानठळ्या बसणार नाहीत.

पार्सल भिवंडीच्या गोदामातून काय, आज ना उद्या येईलच. कानाची मात्र बदली मिळत नाही.